अल्माटीहून पुढं

११ जानेवारी

विमा एजंटनं दिलेली डायरी. दरवर्षी सुरुवातीचे दोन-चार दिवस लिहिते, मग पानांवर गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं येऊन बसतात. यंदा मापांची वही वेगळी केली. यंदा लिहिण्यासारखं काहीतरी आहे. जूनमध्ये आमची निकिता डॉक्टर होणार, आणि तिला पदवी घेताना बघायला आम्ही दोघं कझाकस्तानला जाणार. ताडकळसमधून तिकडं शिकायला लेकरं गेलीत, पण आईबाप कुणाचे गेले नाहीत, असं कडूबाई म्हणाली. कडूबाई शेजारची, तिला गावातलं सगळं ठाऊक असतं.

आज रविवार, म्हणून निकीचा फोन आला. सगळा वेळ एकाच वादात गेला. मुंबईहून अल्माटीपर्यंत विमान, त्यात वाद नाही. वाद आहे तो अल्माटीहून पुढं कसं जायचं याचा. तिचं सेमेय गाव तिथून लय लांब. देशातल्या देशात जाणारं छोटं विमान दोन तासांच्या आत नेऊन सोडतं. रेल्वेला रात्र जाते आणि वर दुसरा दिवस उजाडून बराच वर येतो.

निकी म्हणली, रेल्वेनंच या. विमानातून ढग दिसतात, ते काय बघायचे? रेल्वेत चहाला गरम पाणी मिळतं, समोरची माणसं स्वतःचं खाणं पुढं करतात, आणि जमीन बघावी तर संपतच नाही.

हे म्हणाले, "विमान. तुझ्या आईचे पाय सुजतात बसून बसून."

हे म्हणजे आमचे नागेश सर. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, सगळं गाव सरच म्हणतं. एका वेळी दोन नवे पेन न घेणारा माणूस, आणि परदेशात जाऊन महागाचं तिकीट काढायचं म्हणतोय, ते बघून मला हसू आलं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. माझा सगळ्यात लांबचा प्रवास पूर्णा ते नागपूर, दीक्षाभूमीला. विमान मी फक्त वर बघितलेलं.

२५ जानेवारी

पासपोर्ट मागच्या वर्षीच परभणीहून काढून आणलेत. आज कपाटातून काढून बघितले. फोटोत मी चोरासारखी दिसते.

वाद अजून मिटलेला नाही. यांनी शाळेतला नकाशा घरी आणून भिंतीला लावलाय. सेमेयवर पेन्सिलीनं ठिपका केला आणि मला बोलावून दाखवला. निकी फोनवर हसली. तिचा आवाज बसलेला होता, डोकं दुखतंय म्हणली. तिकडं थंडी भयंकर पडलीय, डोळ्याच्या पापण्यांवर बर्फ धरतो म्हणे. मी म्हणलं, कानाला बांधून फिर. तर म्हणली, आई, मी डॉक्टर आहे. मी म्हणलं, जूनपर्यंत नाहीस.

९ फेब्रुवारी

दुपारी वैष्णवीचा फोन आला. ती पाथरीची, निकीच्या खोलीत राहते. निकीला दोन दिवसांपासून ताप आहे, काल दवाखान्यात दाखल केलं म्हणाली. काळजी करू नका, आमचेच सर लोक बघायलेत तिला.

काळजी करू नका असं सांगायला फोन करावा लागला म्हणजे काळजीचं आहे. हे शाळेतून आल्यावर सांगितलं. यांनी चप्पल न काढताच परत फोन लावला.

संध्याकाळी निकीशी बोलणं झालं. "आई, उजेड नको वाटायला," एवढंच बोलली. कुणीतरी खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज आला.

१० फेब्रुवारी

मेंदूला सूज आहे म्हणतात. मेंदूज्वर. आता ती कुणाला ओळखत नाही.

निकीचा प्रवेश ज्यांनी करून दिला ते नांदेडचे बन्सीधर, त्यांना यांनी फोन केला. त्यांनी मुंबईहून उद्या रात्रीच्या विमानाची तिकिटं काढली. थोड्या दिवसांसाठी जायचं तर व्हिसा लागत नाही म्हणाले, तेवढं बरं झालं. अल्माटीत त्यांच्या ओळखीचे योगीराज म्हणून एक जण आहेत, मूळ जिंतूरचे, तिथं औषधांच्या कंपनीत. ते विमानतळावर येतील आणि तिथून लगेच पुढच्या विमानात बसवून देतील. योगीराजांशी फोनवर बोलले मी. चांगला माणूस वाटला. "ताई, दोन जागा धरून ठेवतो. दुपारपर्यंत लेकीपाशी असाल," म्हणाले.

कडूबाईनं भाकरी बांधून दिल्या. यांच्याकडं बघून मला म्हणाली, "सरला जप. गडी आतून हाललाय." मला कोण जपणार, असं तोंडावर आलं होतं.

शिवायला घेतलेले सगळे कपडे तसेच परत केले. एका बाईचं लग्नातलं ब्लाउज होतं, ती घडी घालून घेऊन गेली.

११ फेब्रुवारी, मुंबई

विमानतळावर बसलोय. रेल्वेनं आलो, जागा मिळाली नव्हती, परभणीपासून मुंबईपर्यंत पेटीवर टेकून. वैष्णवीचा निरोप आहे की लवकर या. तिनं असं कधी म्हणलं नव्हतं.

मला इथल्या चकचकीत फरशीचा राग येतोय. माणसं सेल्फी काढायलीत. निकीनं सांगितलं होतं, विमानात बसताना फोटो काढून पाठव. हे सारखे उठून त्या मोठ्या फळ्याकडं जातात आणि आपल्या विमानाची वेळ तीच आहे का बघून येतात.

१२ फेब्रुवारी, अल्माटी, रेल्वेत

गाडी सुटायची आहे. राग आलाय, अक्षर वेडंवाकडं येईल.

विमानात मी अजिबात घाबरले नाही. घाबरले ते हे. विमान वर चढताना यांनी खुर्चीचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. हवेत थोडं हाललं तेव्हा डोळे मिटून घेतले. मी म्हणलं, मिटा, त्यात काय. अख्ख्या वाटेत माझ्या मनात एकच होतं की हे विमान उतरलं की दुसरं, आणि ते उतरलं की निकी.

योगीराज दारात उभे होते. चाळिशीचा माणूस, मोठा कोट घातलेला. मला बघितल्यावर वाकून पाया पडले. मी म्हणलं, अहो असं काय. यांना म्हणाले, सर, तिकिटाचं जरा बघावं लागेल, या. मला बॅगांपाशी बसवून दोघं पलीकडं गेले. लय वेळ लागला. मला वाटलं विमान निघून जातं की काय.

आले तेव्हा यांनी तोंड धुतलेलं होतं, मफलर सगळा ओला. डोळे लाल. रात्रभर झोप नाही, भीती वेगळीच. बॅग उचलत म्हणाले, "विमान नको. रेल्वेनं जाऊ."

मला आधी कळलंच नाही. मग म्हणलं, पुढच्या विमानात दोन जागा धरून ठेवल्यात ना? योगीराज खाली बुटाकडं बघत म्हणाले, "बर्फाचं काही खरं नसतं ताई. रेल्वे पक्की. सावकाश गेलात तरी..."

बाहेर लख्ख ऊन होतं. काचेतून विमानं एकामागं एक चढताना दिसत होती.

मी वैष्णवीला फोन लावा म्हणलं. माझा फोन इथं चालत नाही. हे म्हणाले, आताच बोललो. कशी आहे विचारलं तर म्हणाले, "झोपून आहे. तिला आता तरास नाही."

"ताप?"

"उतरला."

ताप उतरला हे ऐकून मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. योगीराजांनी माझा हात धरला. पण मग राग जास्तच आला. ताप उतरला, लेकरू आता डोळे उघडेल, आई कुठं म्हणून बघेल, आणि आम्ही रात्रभर रेल्वेत? जानेवारीत मजेनं जायचं होतं तेव्हा यांना विमान पाहिजे होतं. आता लेकरू अंथरुणावर आहे तर रेल्वे. एकदा हवेत हाललं काय, धीरच सुटला. लोकांच्या लेकरांना धीट व्हा म्हणून शिकवणारा माणूस.

योगीराजांनी जेवण बांधून दिलं, माझ्यासाठी जाड बूट आणले, पैसे घेतले नाहीत. गाडीत बसवून उतरताना मला म्हणाले, ताई, सरांवर रागावू नका.

१२ फेब्रुवारी, गाडीत, संध्याकाळ

गाडी बरी आहे. चार जणांची खोली असते, दार ओढून घ्यायचं. समोर एक म्हातारी कझाक बाई आणि तिचा मुलगा. मुलगा वर चढून झोपला. म्हातारीनं फुगलेल्या गोल पुऱ्यांसारखं काहीतरी पुढं केलं, चहा दिला. भाषा येत नाही, तरी मी तिला हातानं खूण करून सांगितलं, मुलगी, सेमेय, डॉक्टर. तिनं कपाळाला हात लावून दाखवला, म्हणजे ताप का? मी मान हलवली आणि हात खाली आणून दाखवला, उतरला. ती हसली. हे खिडकीकडं तोंड करून बसले होते.

मी मनातलं बोलून टाकलं. "तुमच्या भित्रेपणापायी माझं लेकरू वाट बघायलंय."

हे म्हणाले, "ती कुठं जाती आता."

आवाज एवढा शांत होता की मला पुढं भांडता आलं नाही.

थोड्या वेळानं यांनीच विषय काढला. निकी पहिल्यांदा चालली ती कुठं? मी म्हणलं, तुम्हीच तर होतात, शिलाई मशीनला धरून उभी राहिली आणि सोडून दोन पावलं तुमच्याकडं आली. हे म्हणाले, सांग ना, सगळं सांग. मग मी सांगत बसले. पहिलीला ती यांच्याच वर्गात होती. वर्गात पप्पा म्हणायचं नाही अशी ताकीद दिल्यावर वर्षभर घरातही सरच म्हणायची. "सर, भाजीत मीठ कमी आहे." ते ऐकताना हे मोठ्यानं हसले आणि मग तोंडावर मफलर घेतला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी एका दिवसात एवढं कधी बोलला नाही. विमानात बसलो असतो तर बोलणं झालंच नसतं.

डायरी काढली तर म्हणाले, "लिही. तिचं लिही सगळं." आधी मी लिहायला बसले की यांना दिवा बंद करायची घाई असायची.

जेवले नाहीत. कडूबाईची भाकरी हातात घेऊन बसून राहिले, मग परत फडक्यात बांधली.

१३ फेब्रुवारी, गाडीत, सकाळ

झोप लागली. तीन-चार दिवसांनी पहिल्यांदा गाढ झोपले. हे मात्र बसलेलेच दिसले, जसे रात्री होते तसे. माझ्या पायावर यांनी आपला कोट टाकला होता.

बाहेर सगळं पांढरं. झाड नाही, घर नाही, बांध नाही. एका ठिकाणी गाडी हळू झाली तर बर्फात दहा-बारा घोडे उभे. अंगावर लोकरीसारखे केस, पाठीवर बर्फ साठलेला, तरी आपले खुरानं खालचं गवत उकरून खात होते. मी यांना हलवून दाखवलं. लिहायला लाज वाटते, पण त्या घडीला मला बरं वाटलं. वाटलं की एवढ्या थंडीत जनावर तग धरतं, तर माझी लेक धरणार नाही का.

मी ठरवलं आहे, तिला बरोबर घेऊन जायचं. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. ताडकळसला उन्हात बसवायचं, डोक्याला तेल लावायचं, पेज द्यायची, मग हळूहळू ज्वारीची भाकरी. यांना सांगितलं तर म्हणाले, "हो. घेऊन जाऊ तिला घरी."

म्हातारी मधल्या स्टेशनवर उतरली. जाताना माझ्या दोन्ही गालांना हात लावला आणि यांच्याकडं बघत राहिली. यांना काय बोलली कळलं नाही. यांनी हात जोडले.

आता सेमेय येईल. हे माझ्याजवळ येऊन बसलेत. केस विंचरून घे म्हणतात.

१३ फेब्रुवारी

फलाटावर सगळी आपली लेकरं रांगेनं उभी होती. एवढी लेकरं कशाला आली, असं मी यांना विचारलं. यांनी माझा दंड धरला.

१८ फेब्रुवारी, सेमेय

निकी गेली हे मी अजून कुठं लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

आम्ही तिच्याच खोलीत आहोत. वैष्णवी दुसऱ्या खोलीत गेली. निकीचा पलंग भिंतीकडं आहे, तिथं मी झोपते. मी पाठवलेल्या लोणच्याची बरणी धुऊन तिनं त्यात पेनं ठेवलीत. कागद व्हायला वेळ लागतो म्हणतात. हे रोज वैष्णवीला घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात. मी बसून असते. कॉलेजच्या एक बाई येऊन माझ्याजवळ बसून गेल्या.

तिला बघितलं. अंगावर पांढरं होतं. केस कुणीतरी नीट विंचरले होते, पण भांग उलट्या बाजूला पाडला होता. तो मी नीट केला.

२० फेब्रुवारी

आज वैष्णवीनं रडत रडत सांगितलं की शेवटी मी तिच्याजवळ होते काकू, ती एकटी नव्हती. पहाट व्हायची होती. मी विचारलं, कुठल्या दिवशी? तिनं सांगितलं. त्या पहाटे आम्ही आभाळात होतो. खाली उतरायच्याही आधी.

हे परत आले तेव्हा मी दारातच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

यांनी टोपी काढली. "अल्माटीला. योगीराजनं सांगितलं."

"म्हणजे गाडीत तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रात्रभर."

"हो."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? हे पलंगावर बसले. मग म्हणाले, "विमानानं आलो असतो तर दुपारीच कळलं असतं तुला. मला वाटलं, एक रात राहू दे हिच्यापाशी लेकरू. माझं तर गेलंच होतं."

मला दया आली नाही. आत काहीतरी पेटलं. मी म्हणलं, ती इथं थंडगार पडली होती आणि मी गाडीत घोडे बघत होते. हसले मी. तुम्ही मला हसू दिलं. तिच्या भाकरीचे, तेलाचे बेत करू दिले, आणि वर हो म्हणालात. माझ्या लेकराचं मरण मला कधी द्यायचं हे ठरवणारे तुम्ही कोण? तिच्या अंगात ऊब राहिली नसेल हे मला कळतं, पण एक दिवस आधी मी तिच्यापाशी पोचले असते. तिचा भांग मी एक दिवस आधी नीट केला असता.

"चुकलं असंल," एवढंच म्हणाले.

मी म्हणलं, असंल नाही.

२४ फेब्रुवारी, अल्माटी

आज विमानानं आलो. तिची पेटी रेल्वेत घेत नाहीत, म्हणजे या वेळी निवडायला काही नव्हतं.

ती खाली, सामानाच्या जागी, आणि आम्ही वर. मला खिडकी मिळाली. हे मधे बसले, दांडा धरला नाही, डोळे उघडे. विमान वर गेलं तेव्हा खाली तीच पांढरी जमीन, पण त्यात घोडे नाहीत, माणूस नाही, काहीच दिसत नाही. येताना सगळी रात्र आणि अर्धा दिवस आम्ही त्याच जमिनीवरून सरकत होतो. कुठलं स्टेशन, कुठं म्हातारी उतरली, कुठं मी झोपले, वरून काही ओळखू येत नव्हतं.

विमानातली मुलगी चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला. थोडा प्यायले. तीच मुलगी परत आली आणि कप मागून घेऊन गेली, कारण विमान खाली उतरत होतं.

एवढंच अंतर होतं. चहा संपला नसता तेवढ्यात मला कळलं असतं.

हात दुखतोय. पुढं लिहवत नाही. मी यांच्याशी बोलले नाही, पण उतरताना यांचा पाय अडखळला तेव्हा मागून कोट धरला.

९ मार्च, ताडकळस

तिला आणलं. मुंबईहून रुग्णवाहिकेत. सारा गाव जमला होता. भंतेजी आले, वंदना झाली. पूर्णा, पालम, कुठून कुठून लोक आले. तिच्या वर्गात असलेल्या मुली कडेवर लेकरं घेऊन आल्या. नंतर जलदान विधी झाला, तेव्हा यांनी दोन शब्द बोलावेत असं लोकांनी सुचवलं. हे उभे राहिले. "निकिता नागेश..." म्हणाले, हजेरी घेतल्यासारखं, आणि खाली बसले.

लोक घरी येतात आणि विचारतात, पोचलात तेव्हा भेट झाली का? बोलली का काही? हे म्हणतात, नाही झाली. मी काही म्हणत नाही. एक बाई म्हणाली, विमानानं गेला असतात तर भेट झाली असती. हे ऐकून घेतात. खरं सांगून सुटका करून घेता येईल यांना, की ती आधीच गेली होती. पण ते सांगायचं तर मला कळू दिलं नाही हेही सांगावं लागेल. गप्प बसतात. भित्रा म्हणून घेतात. मीच पहिल्यांदा म्हणाले होते.

नकाशा भिंतीवर तसाच होता. आज काढून शाळेत नेऊन दिला.

२ एप्रिल

शिलाई परत सुरू केली. ब्लाउजच्या मापांशिवाय डोक्यात काही राहू नये म्हणून. दुपारी उन्हाचा भडका, बाहेर कुत्रं नाही. मशीन चालवताना मधेच त्या गाडीचा आवाज आठवला. तिचा ठेका वेगळा होता, आपल्या गाडीसारखा नाही.

खरं लिहिते. निकी आठवायला लागले की शेवटचं म्हणून मला ती पांढऱ्यात दिसत नाही. गाडीत मी यांना सांगत होते तशी दिसते, मशीनला धरून उभी, "सर, मीठ कमी आहे" म्हणणारी. ती त्या दिवशी वारलेली होती, आणि माझ्या बोलण्यात सगळी जिवंत होती. ही फसवणूक होती की काय होतं, मला ठरवता येत नाही. राग गेला नाही. रागाच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलंय, ते उठत नाही.

हे सेवानिवृत्तीचे कागद करायलेत. संध्याकाळी ओट्यावर बसतात. आम्ही जेवणापुरतं बोलतो.

१७ मे

पालमचे लिंबाजी आणि त्यांची बायको आले होते. कुणाच्या ओळखीनं आले ते सांगितलं, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांचा मुलगा सप्टेंबरात तिकडंच शिकायला जाणार, सेमेयलाच. मुलानं हट्ट धरलाय. निकीचा फोटो समोर होता. लिंबाजी म्हणाले, "सर, तुमच्याकडं असं विचारायला येणं बरं नाही. पण दुसरं कुणी गेलेलं माहीत नाही."

यांनी त्यांना सगळं नीट सांगितलं, शाळेत सांगतात तसं. थंडी कशी, कपडे कुठले, लस कुठली घ्यायची आणि ताप आला तर एक दिवसही थांबायचं नाही. हे दोनदा सांगितलं.

मग ती बाई माझ्याकडं वळली. अंगानं बारीक, पदर सारखा नीट करणारी. ते दोघं मुलाला सोडायला स्वतः जाणार आहेत. म्हणाली, "ताई, त्या मोठ्या गावाहून पुढं रेल्वे बी हाय आन विमान बी. ह्यांना काही ठरवता येईना. तुमी कशानं गेलता?"

हे पाण्याचा तांब्या घेऊन आत चालले होते, ते दारात थांबले. पाठमोरे होते, वळले नाहीत. लिंबाजींनी बायकोला डोळ्यानं खूण केली की असलं काय विचारतेस.

एवढे महिने लोकांनी यांना हेच विचारलं होतं, आणि दरवेळी यांनी मान खाली घातली होती.

"रेल्वेनं गेलो," मी म्हणलं. "सरांनीच ठरवलं. बरं केलं."

ती म्हणाली, "वेळ लय लागतो म्हनं."

"लागतो," मी म्हणलं. "लागू द्यावा."

तिला ते कितपत कळलं माहीत नाही. मान हलवली तिनं. थोडा वेळ बसून ते निघाले. मी दारापर्यंत गेले. त्यांची मोटारसायकल धूळ उडवत पूर्णेच्या रस्त्याला लागली. हे ओट्यावर उभे होते, गाडी दिसेनाशी झाली तरी तिकडंच बघत. मी जाऊन शेजारी उभी राहिले.